चिंच-गुळाच्या जागी लाल द्राक्ष

लिंबाचा आंबटपणा सायट्रिक आम्लाचा. सफरचंदाचा मॅलिक आम्लाचा, दह्याचा लॅक्टिक आम्लाचा, कोकमाचा हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा. टार्टारिक आम्ल मात्र फळांमध्ये तसं दुर्मीळ. ते भरपूर सापडतं अशी आपल्या रोजच्या ओळखीची फळं दोनच, चिंच आणि द्राक्ष. चिंचेत त्याचं प्रमाण जबरदस्त आणि द्राक्षात बेताचं, पण आंबटपणाची जात एकच. आता चिंच घातली की तिच्या मागोमाग आपण काय घालतो? गूळ. आणि पिकलेल्या द्राक्षात त्या आम्लाच्या सोबतीला असते साखर, तीही साधारण १६ ते २० टक्के.

म्हणजे चिंच-गूळ जिथे जिथे बसतं, तिथे तिथे लाल द्राक्षाला जागा आहे. हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण लाल द्राक्षाबरोबर काय शोभतं या प्रश्नाची उत्तरं आपण नेहमी परक्या पुस्तकांत शोधतो. तिथे चीज, अक्रोड, रोझमेरी, ऑलिव्ह तेल अशी यादी मिळते. ती उत्तरं खरी आहेत, शेकडो वर्षांच्या सवयीतून आलेली आहेत, आणि त्यांच्यापासून शिकण्यासारखंही पुष्कळ आहे. पण देशातली सर्वांत जास्त द्राक्षं ज्या राज्यात पिकतात, तिथल्या स्वयंपाकघरात द्राक्ष अजून धुऊन ताटलीत ठेवण्यापलीकडे फारसं गेलेलं नाही. दाण्याचं कूट, तीळ, सुकं खोबरं, मोहरी, धने, मिरी हे सगळे त्याचे जातिवंत सोबती, आणि ते आधीच आपल्या घरात आहेत.

सोबती निवडायचे तर आधी मणी नीट ओळखायला हवा. गरात पाणी, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा जवळजवळ सारख्या वाट्याने, टार्टारिक आम्ल आणि थोडं मॅलिक आम्ल. रंग मात्र गरात नसतो. बहुतेक लाल आणि काळ्या द्राक्षांचा गर हिरव्या द्राक्षासारखाच पाणेरी असतो. सगळा रंग सालीत साठलेला असतो. या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. त्याच सालीत टॅनिन असतं आणि इथेच लाल द्राक्ष हिरव्यापासून वेगळं होतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळे लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ किंचित ओढल्यासारखी वाटते. हाच तुरटपणा. गोड, आंबट आणि तुरट अशा तीन चवी एकाच मण्यात असल्याने लाल द्राक्ष शिजवताना स्वयंपाकीण जरा सावध हवी, आणि म्हणूनच ते शिजवण्यात मजाही आहे.

वासाच्या बाबतीत मात्र हे फळ लाजाळू आहे. आंबा, पेरू किंवा अननस घरात आला की शेजाऱ्याला कळतं. लाल क्रिमसन द्राक्षांची पेटी उघडली तरी नाकाला फारसं काही जाणवत नाही. या सबंध विषयाची किल्ली मला इथेच सापडते. लाल द्राक्ष पदार्थाला चवीचा सांगाडा देतं, सुगंध त्याला दुसऱ्याकडून घ्यावा लागतो. त्यामुळे सोबतीला मवाळ पदार्थ घेतला, तर दोघं मिळून नुसतं गोड पाणी होतं. भाजलेलं, खमंग, झणझणीत, खारट किंवा स्निग्ध असं काहीतरी हवंच.

बाजारात लाल-काळं म्हणून जे मिळतं त्यातही फरक आहे. शरद सीडलेस हे आपल्याकडचं ओळखीचं काळं द्राक्ष. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांच्या बागेतून ते पुढे आलं, आणि त्याच गावातून आलेलं ‘नानासाहेब पर्पल’ हे जाड मण्याचं वाण काळे यांचंच नाव सांगतं. फ्लेम सीडलेस आणि क्रिमसन सीडलेस ही दोन लाल वाणं मूळची कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोची. तिथल्या सरकारी संशोधकांनी ती तयार केली. क्रिमसनचा मणी घट्ट आणि करकरीत, साल टणक. त्यामुळे कच्च्या कोशिंबिरीत आणि भट्टीत भाजायला तो उत्तम. शरद लवकर मऊ पडतं, रंग भरपूर सोडतं. रस्सा, चटणी, आमटी यांसाठी तेच घ्यावं. जम्बो हे वाण दिसायला देखणं, पण मणी मोठा झाला की सालीच्या मानाने गर वाढतो आणि चव पातळ लागते. स्वयंपाकासाठी मी लहान मण्याचाच घड उचलेन.

हंगामही पाहावा लागतो. द्राक्षबागांत ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी बहार छाटणी होते आणि साधारण चार महिन्यांत घड तयार होतो. जानेवारीत बाजारात येणाऱ्या पहिल्या मालात आंबटपणा ठळक असतो. उन्हं तापू लागली की मण्यातलं मॅलिक आम्ल झपाट्याने घटतं, टार्टारिक मात्र बरंचसं टिकून राहतं. त्यामुळे मार्च-एप्रिलमधलं द्राक्ष जास्त गोड लागतं. जानेवारीचं द्राक्ष चिंचेच्या जागी वापरावं, पाडव्याच्या सुमाराचं गुळाच्या जागी, असा ढोबळ हिशेब ठेवला तर सहसा फसत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवायची: द्राक्ष तोडल्यानंतर पिकत नाही. आंबट घड घरी आणून चार दिवस ठेवला तरी तो गोड होणार नाही, फक्त सुरकुतेल. म्हणून चव पाहूनच घ्यावा, आणि आंबट निघालाच तर तो सरळ कढईत जावा.

कढईतला पहिला पदार्थ मी पंचामृतच सुचवेन. पूजेचं नव्हे, पानात डाव्या बाजूला वाढतात ते. त्यात तीळ, दाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, हिरव्या मिरच्या, चिंच, गूळ आणि गोडा मसाला असतो, आणि कित्येक घरांत बेदाणेही पडतात. म्हणजे द्राक्ष तिथे सुकलेल्या रूपात आधीपासून आहेच. ताज्या द्राक्षाचं करायचं तर बेताच्या तिखट मिरच्यांचे तुकडे मोहरी-हिंगाच्या फोडणीत परतून घ्यावेत, मग खोबऱ्याचे काप, भरड कुटलेले दाणे आणि भाजलेल्या तिळाचं कूट. दोन वाट्या शरद द्राक्षं घ्यायची, निम्मी चिरून आणि निम्मी अख्खी, पण एकदम घालायची नाहीत. चिरलेली आताच घालून झाकण ठेवायचं. ती विरघळून रस धरतात. चिंचेचा कोळ नेहमीच्या निम्मा, गूळ फक्त चव पाहून, गोडा मसाला नेहमीइतका. उरलेली द्राक्षं शेवटच्या दोन मिनिटांत घालायची, म्हणजे ती अख्खी राहतात आणि दाताखाली फुटतात. हळद टाळावी. द्राक्षाचा जांभळा आणि हळदीचा पिवळा मिसळले की रस्सा मातकट दिसतो, आणि इतक्या सुंदर रंगाचं असं व्हावं याचं वाईट वाटतं.

हे का जमतं, याची कारणं साधी आहेत. दाणे, तीळ आणि खोबरं यांतलं तेल जिभेवर पातळ थर धरतं. सालीचं टॅनिन त्या थरावरून घसरतं आणि तुरटपणा बोचत नाही. दाण्यांमध्ये प्रथिनंही आहेत, आणि टॅनिनला प्रथिनं फार प्रिय. लाळेऐवजी ते दाण्याच्या कुटाला चिकटतं. शिवाय दाणे भाजले की त्यांत पायराझिन नावाची खमंग वासाची द्रव्यं तयार होतात, आणि द्राक्षात ज्याची उणीव असते तो वास पदार्थाला मिळतो. गोड्या मसाल्यातली लवंग, दालचिनी आणि दगडफूल या गडद वासांना फळाचा गोडवा लागतोच; आजवर ते काम गूळ करत आला.

दाणे आणि द्राक्ष ही जोडी अमेरिकेनेही शोधली. तिथल्या शाळकरी मुलांच्या डब्यातलं पीनट बटर आणि जेलीचं सँडविच म्हणजे भाजलेल्या शेंगदाण्याचं वाटण आणि जांभळ्या द्राक्षाची जेली. ही जेली बहुधा कॉन्कॉर्ड द्राक्षाची असते. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावात एफ्रेम वेल्स बुल यांनी १८४९ साली हे वाण तयार केलं. ते अमेरिकेतल्या रानटी लॅब्रुस्का जातीचं, आणि त्याला स्वतःचा दणदणीत वास आहे. मिथाइल अँथ्रानिलेट हे त्या वासामागचं मुख्य द्रव्य. मोगऱ्याच्या आणि संत्र्याच्या फुलाच्या वासातही ते असतं. आपल्याकडे ही जात सापडते बंगळूर ब्लूमध्ये. लहान, गोल, बीवाली, जवळजवळ काळी ही द्राक्षं दाबली की साल आणि गर वेगळे होतात, आणि खोलीभर वास सुटतो. मुंबई-पुण्याच्या बाजारात ती दिसली की रस किंवा जॅमसाठी घ्यावीत. त्यांच्या जॅममध्ये भाजलेल्या दाण्यांचं भरड कूट आणि चिमूटभर मीठ घालून भाकरीला लावून पाहा. इतर मसाले त्यांना नकोत. ज्याला स्वतःचा आवाज आहे त्याला साथीदार कमी लागतात.

वासाचं दुसरं घराणं मस्कतचं. तमिळनाडूतल्या कंबम खोऱ्यातलं पन्नीर द्राक्ष म्हणजे मस्कत हॅम्बर्ग हे वाण. मस्कत द्राक्षांत लिनालूल आणि जिरॅनिऑल ही दोन सुगंधी द्रव्यं ठळक असतात. जिरॅनिऑल गुलाबातही असतं. लिनालूल तर धन्याच्या तेलात निम्म्याहून जास्त असतं, आणि वेलचीतही थोडं सापडतं. म्हणून अशा सुवासिक द्राक्षाला धन्याची किंवा वेलचीची जोड दिली की वास एकमेकांत मिसळून जातात. शरद किंवा क्रिमसन यांच्यासारख्या मुक्या वाणांना धने वेगळ्या कारणाने उपयोगी पडतात. धने कोरडे भाजून जाडसर कुटले आणि द्राक्षावर भुरभुरले, तर फळाला जणू त्याचाच हरवलेला सुगंध परत मिळतो. जिऱ्याबद्दल माझं मत उलट आहे. जिऱ्याचा मातकट वास लाल द्राक्षाला झाकून टाकतो. चाट मसाल्याचंही तेच. त्यातल्या काळ्या मिठाच्या गंधकी वासापुढे कुठलंही फळ एकसारखंच लागतं. सवयीने आपण तो प्रत्येक चिरलेल्या फळावर उधळतो, द्राक्षाला तरी त्यातून सोडवावं.

मिरीची गोष्ट सगळ्यांत रंजक. शिराझ द्राक्षाच्या वाइनला मिरीचा वास येतो, असं जाणकार फार दिवस सांगत होते. तो नेमका कशाचा, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली उलगडलं. रोटंडोन नावाचं एक द्रव्य त्यांना शिराझच्या मण्यात सापडलं, आणि काळ्या मिरीचा वासही मोठ्या प्रमाणात त्याच द्रव्याचा निघाला. रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो यांतही त्यांना ते आढळलं. युरोपातल्या स्वयंपाकिणी शेकडो वर्षं काळ्या द्राक्षाबरोबर हाच पाला वापरत आल्या, त्यांना हे नाव ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आपल्या खायच्या वाणांत मिरीचा वास जाणवत नाही, तरी मिरी त्यांना हमखास मानवते. ताजी भरडलेली मिरी, किंचित मीठ आणि अर्धी कापलेली क्रिमसन द्राक्षं इतकंच एका वाडग्यात कालवून पाच मिनिटं ठेवावं. मीठ कडवटपणाची जाणीव दाबतं, त्यामुळे सालीतली कडसर धार मावळते आणि गोडवा पुढे येतो. म्हणून द्राक्ष गोड पदार्थात घालायचं असलं तरी मिठाची कणी विसरू नये.

मोहरीकडे मात्र निवांत बसून पाहायला हवं. गोव्यातल्या आणि कारवार-मंगळूरकडच्या सारस्वत घरांत सासव करतात. मुख्यतः आंब्याचं, पण अननस आणि द्राक्षं मिसळूनही. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, गूळ आणि मोहरी यांचं वाटण कच्च्या फळात कालवतात. चुलीवर काही चढत नाही. आपल्याकडे देशावरही काही कोशिंबिरींत फेसलेली मोहरी घालतात. मोहरीचा नाकात जाणारा झणका दाण्यात तयार नसतो. सिनिग्रिन नावाचं एक बिनवासाचं द्रव्य आणि मायरोसिनेज नावाचं विकर, दोघं दाण्यात वेगवेगळे बसलेले असतात. दाणा फुटून पाणी लागलं की ते भेटतात आणि मग झणझणीत तेल सुटतं. या घडामोडीला काही मिनिटं लागतात. उष्णतेने विकर मरतं, म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते, झणझणीत नाही. आंबटानेही त्याचं काम मंदावतं. तेव्हा क्रम महत्त्वाचा: मोहरी आधी नुसत्या पाण्याबरोबर वाटायची, थोडी थांबू द्यायची, झणका नाकाला कळला की मग खोबरं, मिरची, गूळ आणि सगळ्यात शेवटी द्राक्षं. आधीच द्राक्षांत वाटली तर ती निव्वळ कडू लागते आणि दोष बिचाऱ्या फळावर येतो.

लाल द्राक्षाचं सासव मला आंब्याच्या सासवापेक्षाही तोलदार वाटतं. आंबा स्वतःच्या वासाने मोहरीशी झगडतो. द्राक्ष वास मोहरीला देऊन टाकतं आणि स्वतः गोड-आंबट थंडावा धरून राहतं. खोबऱ्याचं दूध दोघांमधला कडकपणा शांत करतं. अर्धी द्राक्षं चिरून, अर्धी अख्खी ठेवावीत. चिरलेली रस देतात, अख्खी मोहरीच्या झणक्यातून सुटका. वाढण्याआधी तासभर मुरू द्यावं, पण रात्रभर नको, कारण मोहरीचा झणका हळूहळू उतरतो आणि द्राक्षं पाणी सोडतात.

दह्याशीही जमतं, त्यामागेही प्रथिनंच आहेत. दुधातलं केसीन टॅनिनला बांधून घेतं; चहात दूध घातल्यावर तुरटपणा जातो तो यामुळेच. मात्र पातळ आंबट दही घेतलं तर आंबटात आंबट पडतं. चक्का घ्यावा किंवा घट्ट, ताजं, गोडसर दही. दह्यातल्या कोशिंबिरीत द्राक्षाबरोबर दाण्याचं कूट, हिरवी मिरची आणि तुपाची फोडणी इतकं पुरे. ताज्या दुधात मात्र शिजवलेली द्राक्षं घालू नयेत, आम्लामुळे दूध फाटतं. कस्टर्डमध्ये घालायची तर अख्खी आणि कोरडी, अगदी वाढताना.

युरोपातली शिकवण मुख्यतः मांसाची आणि पिठाची आहे. इटलीतल्या अंब्रियात डुकराच्या मांसाचे सॉसेज आणि द्राक्षं एकाच तव्यात शिजवतात. आधी सॉसेजची चरबी सुटू द्यायची, मग त्या चरबीत द्राक्षं टाकायची. ती तडतडून फुटतात आणि त्यांच्या रसाने तव्याला चिकटलेला खमंग थर सुटतो. चरबी, मीठ आणि भाजलेला वास हे द्राक्षाला हवं असलेलं सगळं एका घासात मिळतं. फ्रान्समध्ये लावे आणि यकृत द्राक्षाबरोबर शिजवण्याची जुनी रीत आहे. त्यावरून आपल्या कलेजीचा विचार सुचतो. कोंबडीची कलेजी तुपात कांदा-मिरीवर झटपट परतायची, शेवटी मूठभर अर्धी कापलेली शरद द्राक्षं घालून आच मोठी करायची. कलेजीच्या लोखंडी, कडसर चवीला द्राक्ष फार प्रेमाने सांभाळून घेतं. गोव्याच्या चोरीस सॉसेजला हीच युक्ती लागू पडते, फक्त त्यात व्हिनेगर आधीच असतं, म्हणून तिथे उशिराच्या हंगामातलं गोड द्राक्ष हवं आणि कांदा जरा जास्त. माशाला मात्र मी लाल द्राक्ष लावणार नाही. फ्रेंच स्वयंपाकातही सोल माशाबरोबर हिरवंच द्राक्ष घेतात, आणि ते योग्य आहे. नाजूक मांसावर सालीचा तुरटपणा बसत नाही.

पिठाच्या बाबतीत टस्कनीची स्क्याच्चाता शिकावी. सप्टेंबरात द्राक्षतोडणी सुरू झाली की फ्लॉरेन्सच्या भोवतीच्या बेकऱ्यांत ही चपटी रोटी दिसू लागते. आंबवलेल्या कणकेच्या दोन थरांमध्ये आणि वरही वाइनची काळी, बीवाली द्राक्षं, ऑलिव्ह तेल, साखर, कधी रोझमेरी तर कधी बडीशेपेच्या जातीचं बी. बिया काढत नाहीत, दाताखाली त्या करकरतात आणि तिथल्या लोकांना ते आवडतं. आपल्याला हे घरी करायचं तर बडीशेप घ्यावी. कणीक, तूप, बडीशेप आणि काळं द्राक्ष यांचं अगदी सहज जुळतं. पण कणकेत खायचा सोडा घालू नये. अँथोसायनिन आम्लात लाल राहतं आणि अल्कली भेटली की निळसर-हिरवं होतं. सोडा घातलेल्या केकमध्ये द्राक्षाभोवती हिरवट कडं दिसतं ते बुरशीमुळे नव्हे, त्या रंगबदलामुळे. यीस्टने आंबवलेल्या पिठात ही अडचण येत नाही.

नुसतं भाजलेलं द्राक्ष हा तर मला या फळाचा सर्वोत्तम अवतार वाटतो. क्रिमसनचे मणी देठापासून सोडवून कोरडे पुसावेत. ओले राहिले तर ते उकडतात, भाजत नाहीत. थोडं तेल किंवा तूप, मीठ आणि भरडलेली मिरी लावून २०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत साधारण २० मिनिटं ठेवावेत. साल सुरकुतून फुटते, पाणी उडतं, आम्ल आणि साखर दोन्ही दाट होतात आणि कडेने जांभळा पाक जमतो. फ्रुक्टोज इतर साखरांपेक्षा कमी तापमानाला तांबूस होऊ लागतं, म्हणून त्या पाकाला लवकर खमंगपणा येतो आणि पाच मिनिटं जास्त झाली तर जळकटपणाही. भट्टी नसेल तर जाड लोखंडी तव्यावर मोठ्या आचेवर, गर्दी न करता. ही भाजलेली द्राक्षं पनीरवर, गरम वरणभाताच्या बाजूला, लाल भोपळ्याच्या भाजीत किंवा भाजलेल्या वांग्यावर घालावीत. पाडव्याच्या श्रीखंडावर घालायची तर साखर नेहमीपेक्षा कमी धरावी. थंड चक्क्यावर कोमट, मिरी लावलेली द्राक्षं ही जोडी केशर-वेलचीला नक्कीच तोडीस तोड आहे.

हंगामाच्या शेवटी गाड्यांवर सुटे मणी स्वस्तात मिळतात. घड मोडला म्हणून किंमत पडते, चवीत काही कमी नसतं. ते धुऊन, निवडून, कुस्करून मंद आचेवर शिजवावेत, गाळावेत आणि तो रस काकवीसारखा दाट होईपर्यंत आटवावा. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत हे फार जुनं काम आहे. इटलीत त्याला साबा म्हणतात, तुर्कस्तानात पेकमेझ. तुर्की घरांत न्याहारीला पेकमेझमध्ये तिळाचं वाटण कालवून पावाबरोबर खातात. द्राक्ष आणि तीळ पुन्हा एकत्र. जॉर्जियात आटवलेल्या रसात पीठ शिजवून दाट करतात आणि दोऱ्यात ओवलेले अक्रोड त्यात बुडवून वाळवतात; चुर्चखेला हे त्याचं नाव. पेकमेझ करताना रसात थोडी पांढरी चुनखडीची माती घालून आंबटपणा मारण्याची रीत आहे, कारण त्यांना ते गोड हवं असतं. आपण ती पायरी गाळावी. आंबटपणा राहिला की हाच पाक आमटीत, भरल्या वांग्यात, भेळेच्या चटणीत चमचाभर घालता येतो, आणि तिळकुटात मिसळून भाकरीबरोबरही खाता येतो.

पाक कोरड्या काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा. काही दिवसांनी तळाशी बारीक, चमकदार खडे दिसले तर काच पडली असं समजून तो टाकू नका. टार्टारिक आम्ल आणि द्राक्षातलं पोटॅशियम यांचा तो क्षार आहे. गारव्यात तो विरघळलेला राहत नाही आणि खाली बसतो. वाइनच्या पिंपांच्या आतल्या बाजूलाही त्याचाच थर धरतो. त्याच थरापासून स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शीले यांनी १७६९ साली टार्टारिक आम्ल वेगळं काढलं, आणि तोच क्षार शुद्ध करून बेकरीसाठी क्रीम ऑफ टार्टर म्हणून विकतात. खायला तो निर्धोक आहे. पाक वरून अलगद ओतून घ्यावा आणि खडे बरणीतच राहू द्यावेत.